पिओनी, ज्येष्ठमध आणि पोटरीतला गोळा : या जपानी काढ्याला पुरावा किती?

रानजाई (धागाकर्ती)

जपानमध्ये पायात गोळे येतात म्हणून डॉक्टरकडे गेलं, तर चिठ्ठीवर बऱ्याचदा एका काढ्याच्या भुकटीचं नाव येतं : शाकुयाकु-कान्झो-तो. पिओनी या फुलझाडाचं मूळ आणि ज्येष्ठमध, दोन्ही समसमान, बाकी काही नाही. तिकडच्या पारंपरिक औषधपद्धतीत, म्हणजे काम्पोत, पाच-सात वनस्पतींचे काढे सर्रास असतात. त्या मानाने हा फारच सुटसुटीत.

मूळ चिनी. हान काळाच्या अखेरीस, इ.स. २००च्या सुमारास, झांग झोंगजिंग या वैद्याने लिहिलेल्या 'शांग हान लुन'मध्ये तो आला आहे. तिथला रुग्ण असा : घाम काढायचं औषध त्याला नको असताना दिलं गेलंय, हातपाय गार पडलेत, पाय आखडलेत. आधी ज्येष्ठमध आणि सुंठेच्या काढ्याने अंगात ऊब आणायची, पाय गरम झाले की मग हा काढा द्यायचा, आणि पाय लगेच सरळ होतो असं ग्रंथ म्हणतो. एवढंच. पुढे कधीतरी त्याला 'काठी टाकून द्यायला लावणारा काढा' असंही नाव पडलं. नाव ठेवणाऱ्याला जाहिरात कळत होती एवढं नक्की.

आता पुराव्याकडे. १९९१ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने आठ काम्पो काढे आधुनिक कसोटीवर पुन्हा तपासायला घेतले. त्यात हा होता. त्यातून झालेली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी यकृताच्या सिरोसिसच्या रुग्णांवर होती, कारण या लोकांना गोळे फार येतात. अर्ध्यांना काढा, अर्ध्यांना प्लासिबो (औषध नसलेली नक्कल), कोणाला काय ते डॉक्टरलाही माहीत नाही आणि रुग्णालाही नाही. काढ्याच्या गटात जास्त जणांना आराम पडला. डायलिसिसवरच्या रुग्णांचेही छोटे अभ्यास आहेत, त्यांत पूड घेतल्यावर काही मिनिटांत गोळा सुटल्याचं नोंदवलंय.

प्रयोगशाळेतलं काम मला जास्त रंजक वाटलं. १९८०च्या दशकात जपानी संशोधकांनी उंदराच्या श्वासपटलाचा स्नायू त्याच्या नसेसकट काढून दोन्ही वनस्पतींमधले मुख्य घटक त्यावर टाकून पाहिले. पिओनीतलं पेओनिफ्लोरिन आणि ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन एकेकटं ज्या मात्रेत काही करत नव्हतं, त्याच मात्रेत दोन्ही मिळून नसेकडून स्नायूला जाणारा संदेश अडवत होती. नंतरच्या उंदरांवरच्याच प्रयोगांत ज्येष्ठमधातल्या दुसऱ्या एका घटकानेही, लिक्विरिटिन एपिओसाइडने, गोळा शिथिल केला. म्हणजे 'काहीतरी होतं' हे नाकारता येत नाही.

विचारायचं कारण : सासूबाईंना रात्री पोटरीत गोळे येतात. नणंद जपानमध्ये असते, ती ही पाकिटं पाठवते म्हणतेय. सासूबाईंना ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे, त्यात लघवी वाढवणारं औषधही आहे. मी वाचलं ते पुरेसं आहे का? आणि कोणाला काही खटकतंय का?

पळपुटा

वाचतोय. मॅरेथॉनवाल्यांसाठी जिव्हाळ्याचा विषय.

शंकासुर

मला बरंच खटकतंय, पण धागा चांगला आहे म्हणून नीट लिहितो.

पहिलं म्हणजे गोळा आपोआप सुटतो. काही सेकंद ते फार तर दहा मिनिटं. त्यामुळे 'पूड घेतली आणि पाच मिनिटांत सुटला' याला मी पुरावा मानत नाही. पाच मिनिटांत गाणं म्हटलं असतं तरी सुटला असता. डायलिसिसच्या ज्या अभ्यासांबद्दल तुम्ही लिहिलंय ते मोजक्या रुग्णांचे आहेत आणि त्यांत तुलनेला प्लासिबो नाही. ते वाचायला हरकत नाही, पण वजन सिरोसिसच्या चाचणीला.

दुसरं. माणूस औषध शोधायला निघतो तो गोळ्यांचा कहर झाला की. कहर झाल्यावर पुढचे दोन आठवडे जरा बरेच जातात, काही घेतलं नाही तरी. गोळे हा चढउताराचा आजार आहे. क्विनाइन हे हिवतापाचं औषध गोळ्यांवरही दिलं जायचं, त्याच्या चाचण्यांमध्ये प्लासिबो घेणाऱ्यांचेही गोळे चांगलेच कमी झाले होते. ज्या अभ्यासात 'आधी' आणि 'नंतर' एवढंच आहे, त्यात औषध कुठलंही घाला, निकाल गोडच येणार.

गोडावरून आठवलं, तिसरं. ग्लिसरायझिन साखरेच्या ३० ते ५० पट गोड असतं. पूड तोंडात टाकली की कळतं. अशा औषधाचा प्लासिबो बनवणं अवघड असतं. रुग्णाने चवीवरून ओळखलं की डॉक्टर आणि रुग्ण दोघांवरचा तो दुहेरी पडदा एका बाजूने फाटला.

तरी १९९९च्या चाचणीला मी पूर्ण बाद करत नाही. काम्पोवर एवढी मेहनत घेऊन केलेलं काम कमीच आहे. फक्त ते सिरोसिसच्या रुग्णांबद्दल आहे. सासूबाईंना सिरोसिस नाही ना?

रानजाई

@शंकासुर, नाही. साखर नाही, थायरॉइडही नाही. वय बाहत्तर आणि ब्लड प्रेशर, एवढंच.

वैद्य_पिंपळपान

ज्येष्ठमध आला म्हणून डोकावलो.

आपल्याकडे या दुखण्याचं वर्णन जुनं आहे. चरकाच्या वातव्याधिचिकित्सेत खल्ली येते : पाय, पोटऱ्या, मांड्या आणि मनगट पिळवटणारी. त्यावर भर आहे तो स्नेहन, स्वेदन, उपनाह यांवर, म्हणजे तेल, शेक आणि लेप बांधणं. यष्टीमधु, म्हणजेच ज्येष्ठमध, आपण घसा, आम्लपित्त, व्रण यांसाठी भरपूर वापरतो, पण गोळ्यांसाठी नुसता यष्टीमधु उकळून द्यावा असा प्रघात नाही. तेव्हा 'हे आपलंच आहे, तिकडे गेलं' असं कोणी म्हणायच्या आत सांगून ठेवतो : नाही.

पिओनीबद्दल. चिनी-जपानी काढ्यातली पिओनी ही 'पिओनिया लॅक्टिफ्लोरा'. हिमालयात होते ती वेगळी जात, 'पिओनिया एमोडी'. एकीवरचा अभ्यास दुसरीला लावू नये. कोणी तिकडची मुळं आणून काढा करायचा बेत करत असेल तर थांबा.

शंकासुर, तुमचे मुद्दे मान्य. पण एक विचारतो. अठराशे वर्षं वैद्य एकच योग एकाच लक्षणासाठी देत आले, याला शून्य किंमत द्यायची का? बाकी काढे बदलत गेले, भर पडत गेली, हा तसाच राहिला.

शंकासुर

@वैद्य_पिंपळपान, शून्य नाही. कुठे खणायचं हे त्यातून कळतं. पाणी लागलं की नाही ते मात्र खणूनच कळणार. शिवाय जो त्रास आपोआप थांबतो, त्याच्यावरचं कुठलंही औषध टिकून राहतं, कारण ते दर वेळी 'लागू पडतं'. उचकीवरचे उपाय मोजून पाहा.

काकदृष्टी

वनस्पतीजन्य औषध गोळ्यांवर खरंच चालतं का, या प्रश्नाचं एक उत्तर आधीच मिळालेलं आहे. ते सुखद नाही. क्विनाइन.

सिंकोनाची साल, दक्षिण अमेरिकेतलं झाड, हिवतापावरचं औषध. १९४० मध्ये मॉस आणि हरमन या दोघांनी रात्रीच्या गोळ्यांवर त्याचा उपयोग छापला आणि पुढची पन्नासेक वर्षं डॉक्टर ते लिहून देत राहिले. कॉक्रेन या चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या समीक्षेत २३ चाचण्या आणि १,५८६ रुग्ण जमा झाले. दोन आठवड्यांत गोळ्यांची संख्या प्लासिबोपेक्षा २८ टक्क्यांनी घटली, तीव्रता १० टक्क्यांनी. म्हणजे चालतं. वनस्पतीचं आहे, जुनं आहे, चाचण्यांतही टिकलं.

आणि तरीही अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, १९९४ मध्ये रात्रीच्या गोळ्यांसाठी त्याची चिठ्ठीविना विक्री बंद केली, २००६ मध्ये परवाना नसलेली क्विनाइनची औषधं बाजारातून काढायला लावली आणि २०१० मध्ये पुन्हा बजावलं की गोळ्यांसाठी हे वापरू नका. कारण थोड्या लोकांत रक्तातल्या प्लेटलेट एकदम कोसळतात, हृदयाची लय बिघडते, काही दगावलेही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मज्जातज्ज्ञांच्या (न्यूरॉलॉजिस्टांच्या) अकादमीनेही जवळपास हेच म्हटलं : परिणामकारक आहे, पण नेहमीच्या वापरात टाळा.

म्हणून रानजाई, 'चालतं का' एवढ्यावर थांबू नका. आठवड्यातले दोन गोळे कमी होण्यासाठी किती धोका पत्करायचा, हा खरा हिशोब. ज्येष्ठमधाच्या बाबतीत तो हिशोब इथे अजून कोणी मांडला नाही.

फुजीसान

जपानमध्ये बरीच वर्षं राहतोय, तिकडची पद्धत सांगतो.

काम्पो म्हणजे इथे जडीबुटीवाला नव्हे. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेलेच डॉक्टर हे काढे लिहितात, सरकारी आरोग्यविम्यात असे १४८ योग आहेत. प्रत्येकाला नंबर असतो, त्सुमुरा कंपनीच्या यादीत हा ६८. लोक नावाऐवजी 'अडुसष्ट' म्हणतात. दिवसाची पूर्ण मात्रा ७.५ ग्रॅम पूड, त्यात ६ ग्रॅम पिओनी आणि ६ ग्रॅम ज्येष्ठमध यांचा अर्क. अडीच अडीच ग्रॅमची तीन पाकिटं.

पण गोळ्यांसाठी बरेच डॉक्टर तीनदा देत नाहीत. झोपताना एक, किंवा गोळा आला तर एक, आणि थोडेच दिवस. पाकिटासोबतच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं : अल्डोस्टेरॉन या हार्मोनचा विकार, स्नायूंचा आजार किंवा रक्तात पोटॅशियम कमी असेल तर देऊ नये. दिवसाला अडीच ग्रॅम किंवा जास्त ज्येष्ठमध असलेल्या सगळ्याच काढ्यांना ही सूचना लागू आहे आणि यात तर सहा. दोन-दोन काम्पो एकदम चालू असतील तर ज्येष्ठमधाची बेरीज करायची असते, कारण तो अर्ध्याहून जास्त काढ्यांत असतो.

अवांतर : काम्पो म्हणजे निर्धोक हा समज जपानमध्ये १९९०च्या दशकातच मोडला. शो-साइको-तो नावाचा काढा यकृताच्या आजारात प्रचंड खपत होता. त्यातून फुप्फुसाला सूज आल्याचे ८८ रुग्ण आणि १० मृत्यू नोंदवले गेले आणि १९९६ मध्ये मंत्रालयाला तातडीचा इशारा काढावा लागला. तेव्हापासून पाकिटावरचं बारीक अक्षर इथले फार्मासिस्ट वाचून दाखवतात.

मूत्रपिंडवाला

पेशाने किडनीचा डॉक्टर. काकदृष्टींनी मागितलेला हिशोब माझ्याच खात्यातला आहे, म्हणून सविस्तर.

कॉर्टिसोल हे आपलं रोजचं हार्मोन. मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉनसाठी जे ग्राहक (रिसेप्टर) आहेत त्यांना कॉर्टिसोलही चिकटू शकतं, आणि रक्तात ते अल्डोस्टेरॉनपेक्षा कितीतरी पट जास्त असतं. ते चिकटू नये म्हणून तिथे एक विकर (एन्झाइम) पहाऱ्यावर असतं, जे कॉर्टिसोलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनपासून आतड्यातले जिवाणू जे रसायन बनवतात, ते या विकरालाच बंद पाडतं. मग कॉर्टिसोल मोकाट. सोडियम आणि पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीतून वाहून जातं, ब्लड प्रेशर चढतं, पाय सुजतात. रक्तात अल्डोस्टेरॉन तपासलं तर उलट कमीच सापडतं, म्हणून याला छद्म-अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात. १९४०च्या दशकात नेदरलँड्समधले डॉ. रेव्हर्स अल्सरच्या रुग्णांना ज्येष्ठमध देत होते. अल्सर बरे होत होते, पण काहींची तोंडं सुजायला लागली, तेव्हा हे लक्षात आलं.

आता मुद्द्याची गोष्ट. पोटॅशियम फार उतरलं की काय होतं? स्नायू दुबळे पडतात, दुखतात, आखडतात. टोकाला गेलं तर स्नायू तुटायला लागतात आणि हृदयाची लय जाते. म्हणजे गोळे येतात म्हणून काढा, काढ्याने पोटॅशियम खाली, त्याने पाय आणखी त्रास देतात, म्हणून आणखी काढा. असे रुग्ण येतात. बहुतेक वेळा वयस्कर बाई, सडपातळ, सोबत लघवीचं औषध चालू.

युरोपीय महासंघाच्या तज्ज्ञ समितीने रोजच्या सेवनासाठी ग्लिसरायझिनची १०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा सुचवलेली आहे. जपानी औषधकोशाला ज्येष्ठमधात किमान २ टक्के ग्लिसरायझिन लागतं. सहा ग्रॅमचे २ टक्के म्हणजे १२० मिलिग्रॅम. सगळं अर्कात उतरत नाही हे खरं, पण बऱ्याच मुळांत २ टक्क्यांहून जास्तही असतं.

आता पुराव्याबद्दल माझं मत, जे मला छापील समीक्षांत फारसं दिसलेलं नाही. या काढ्याचे अभ्यास झाले ते मुख्यतः सिरोसिस आणि डायलिसिसच्या रुग्णांवर. सिरोसिसच्या रुग्णांना पोटात पाणी होतं म्हणून स्पायरोनोलॅक्टोन अनेकदा आधीच चालू असतं. हे औषध नेमकं त्याच ग्राहकावर बसतं जिथे ज्येष्ठमधाचा घोळ होतो. ज्येष्ठमधाने केलेल्या नुकसानावर आम्ही तेच तर देतो! आणि डायलिसिसवरच्या माणसाची अडचण पोटॅशियम वाढण्याची असते, घटण्याची नव्हे. स्वित्झर्लंडमधल्या २००९च्या एका छोट्या चाचणीत तर अशा रुग्णांचं पोटॅशियम कमी करायला मुद्दाम ग्लिसरेटिनिक आम्ल, म्हणजे ग्लिसरायझिनपासून बनणारं तेच रसायन, दिलं आणि ते कमी झालंही. म्हणजे ज्या दोन गटांवर हा काढा सगळ्यात जास्त तपासला गेला, त्या दोन्ही गटांना त्याच्या मुख्य दुष्परिणामापासून थोडं-फार कवच होतं. तिथला 'सुरक्षित' हा शेरा बाहत्तर वर्षांच्या, लघवीची गोळी घेणाऱ्या, बाकी धडधाकट बाईला लावता येत नाही. तिच्याकडे कवच नाही, उलट गोळी आधीच पोटॅशियम काढतेय.

रानजाई

@मूत्रपिंडवाला, हे वाचून मी नणंदेला लगेच फोन केला. पाकिटं थांबवली.

पण मग एक सरळ प्रश्न. काढ्याऐवजी नुसती ज्येष्ठमधाची कांडी चघळली तर? घरात असतेच. (हा प्रश्न सासूबाईंचा आहे, माझा नाही. त्या धागा वाचून घेतायत माझ्याकडून.)

वैद्य_पिंपळपान

घसा बसलाय म्हणून दोन-चार दिवस छोटा तुकडा, ठीक. गोळ्यांसाठी महिनोन्‌महिने रोज, आणि तेही ब्लड प्रेशर असताना, मी देणार नाही. डॉक्टरांनी सांगितलेली यंत्रणा कांडीलाही तितकीच लागू आहे. झाड तेच आहे.

मूत्रपिंडवाला

वैद्यांशी पूर्ण सहमत. आईंना नमस्कार सांगा.

आणि औषधाच्या आधी तिची यादी बघा. लघवी वाढवणारी औषधं स्वतःच गोळ्यांशी जोडलेली आहेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात औषधांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा काही प्रकारची लघवीची औषधं आणि दम्याचे दीर्घकाळ चालणारे फवारे सुरू झाल्यानंतरच्या वर्षात क्विनाइनच्या चिठ्ठ्या वाढलेल्या दिसल्या. म्हणजे त्या लोकांना गोळे जास्त येऊ लागले असणार. गोळी आपली आपण बंद करू नका. त्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन करून घ्या आणि गोळी बदलता येईल का ते विचारा. एकाच पायाला सूज आणि दुखणं असेल, चालताना पोटरी भरून येऊन थांबल्यावर बरं वाटत असेल, किंवा ताकद कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर ते साधे गोळे समजू नका.

सावळागोंधळ

मॅग्नेशियम कसं नाही आलं अजून? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज येतं.

काकदृष्टी

@सावळागोंधळ, आलं. कॉक्रेनच्या २०२०च्या समीक्षेत ११ चाचण्या आणि ७३५ लोक आहेत. वयस्कर लोकांच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा जाणवण्याजोगा फायदा असण्याची शक्यता कमी, असा निष्कर्ष. गरोदर बायकांबाबत निकाल उलटसुलट. तुमच्या ग्रुपला पाठवा, बघा काय होतं.

पळपुटा

माझा प्रश्न वेगळा आहे. आम्हाला गोळे येतात ते पळताना, शेवटच्या टप्प्यात. मित्रमंडळींत काही जण काकडीच्या लोणच्याचं पाणी जवळ ठेवतात, खारट-आंबट. एक घोट घेतला की गोळा सुटतो म्हणतात. ते काय प्रकरण आहे? तेही मीठ-पोटॅशियमचंच का?

शंकासुर

@पळपुटा, हा माझा आवडता किस्सा. २०१० मध्ये अमेरिकेत नसेला विजेचे झटके देऊन लोकांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम गोळा आणला आणि मग साधं पाणी किंवा ते लोणच्याचं पाणी दिलं. शरीराच्या दर किलोमागे १ मिलिलीटर, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सत्तर मिलिलीटर. लोणच्याच्या पाण्याने गोळा साध्या पाण्यापेक्षा सरासरी ४९ सेकंद लवकर सुटला. आणि रक्तातले क्षार तेवढ्या वेळात बदललेच नव्हते. एवढ्यात ते पोटातून पुढेही सरकत नाही.

म्हणजे जे घडलं ते घशात. अंदाज असा की आंबट-तिखट चवीने तोंडाघशातल्या नसा चेतवल्या जातात आणि मज्जारज्जूतल्या अतिउत्तेजित नसांना आवर बसतो. याच कल्पनेवर रसायनशास्त्राचे नोबेल विजेते रॉडरिक मॅकिनन यांनी आलं, दालचिनी आणि मिरचीतलं कॅप्सेसिन घालून आपल्या कंपनीतर्फे पेयही काढलं. त्याच कंपनीने गंभीर मज्जाविकारांतल्या गोळ्यांसाठी त्याच धर्तीचं औषध चाचणीला नेलं होतं. २०१८ मध्ये त्या चाचण्या थांबवल्या, कारण रुग्णांना औषध सोसेना. नोबेल असलं तरी गोळा गोळाच.

काकदृष्टी

त्या पाण्याची पुढची कडी : २०२२ मध्ये ते सिरोसिसच्या रुग्णांवर नीट तपासलं गेलं. ८२ जण, गोळा आला की एक घोट, दुसऱ्या गटाला साधं पाणी. गोळ्याची तीव्रता घोटवाल्यांत जास्त कमी झाली. रात्री उशाशी ठेवायला सोपं आणि पोटॅशियम उतरवत नाही. मीठ असतं, पण घोटभरच.

वैद्य_पिंपळपान

इथे मला एक शंका येते. शांग हान लुनमधला पाय 'लगेच' सरळ होतो. डायलिसिसच्या खोलीतही काही मिनिटांतच. काढा पचून रक्तात जाऊन स्नायूपर्यंत पोचायला एवढा वेळ पुरतो का? का या काढ्याचंही काम घशातच होतंय, त्या गोडीने?

शंकासुर

@वैद्य_पिंपळपान, वा! हे मला सुचलं नव्हतं. तसं असेल तर गिळायचीही गरज नाही, चूळ भरून थुंकली तरी चालेल, आणि किडनीवाल्या डॉक्टरांची निम्मी काळजी मिटेल. तपासायलाही सोपं आहे : एका गटाने गिळायचं, एकाने थुंकायचं.

मूत्रपिंडवाला

शंका छान आहे. फक्त गोड चवीने तो प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) येतो असं कुठे दाखवलेलं नाही, जे दाखवलंय ते आंबट-तिखटाचं. कोणी ही चाचणी केली तर मी उत्सुकतेने वाचेन. तोपर्यंत आईंनी चुळा भरू नयेत, त्या चुकून गिळतील.

फुजीसान

चाचणीचा विषय निघालाच आहे म्हणून. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात याच ६८ नंबरची एएलएस या मज्जाविकाराच्या रुग्णांवर चाचणी घेतली गेली, आणि तिची रचना मला आवडली. प्रत्येक रुग्ण स्वतःच स्वतःची तुलना : काही आठवडे काढा, मध्ये खंड, काही आठवडे प्लासिबो, क्रम गुप्त, आणि हे चक्र पुन्हा. शंकासुरांच्या चढउताराच्या आक्षेपाला यात बरंच उत्तर आहे, कारण एकाच माणसाचे चांगले-वाईट दोन्ही आठवडे दोन्हीकडे वाटले जातात.

शंकासुर

मान्य. गोळ्यांसाठी ही रचना फार योग्य. औषध थांबवलं की गोळे परत येतात, मोजता येतात, आणि परिणाम असेल तर काही आठवड्यांत दिसतो. साध्या रात्रीच्या गोळ्यांवर, लघवीचं औषध न घेणाऱ्या लोकांत, दर आठवड्याला पोटॅशियम बघत कोणी असं केलं तर माझं मत बदलायची माझी तयारी आहे. आत्ता विचाराल तर : सिरोसिसमध्ये बहुधा उपयोगी, बाकीच्यांत शक्यता आहे पण सिद्ध नाही.

रानजाई

सगळ्यांचे आभार. आजची खबर : सासूबाईंच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटॅशियम खालच्या रेषेला टेकलेलं निघालं. काढा न घेताच! गोळी बदलून दिलीय, पुन्हा तपासायला बोलावलंय. तोपर्यंत पोटऱ्या ताणायचे व्यायाम सांगितलेत. त्याला तरी काही आधार आहे का, का तेही गाणं म्हणण्यासारखंच?

काकदृष्टी

@रानजाई, आधार आहे. नेदरलँड्समध्ये २०१२ मध्ये पंचावन्नच्या पुढच्या ८० जणांवर चाचणी झाली. अर्ध्यांनी सहा आठवडे रोज झोपण्याआधी पोटरी आणि मांडीच्या मागचा स्नायू ताणला. त्यांचे गोळे दुसऱ्या गटापेक्षा रात्रीला सरासरी १.२ ने जास्त कमी झाले. व्यायामाचा प्लासिबो काढता येत नाही, त्यामुळे शंकासुर इथेही येतील बघा. त्याआधी ब्रिटनमध्ये २००५ साली झालेल्या एका चाचणीत फायदा दिसला नव्हता, हेही सांगून ठेवतो.

शंकासुर

आलोच होतो, पण जातो. फुकट आहे, पोटॅशियमला हात लावत नाही, करा.

पळपुटा

@रानजाई, काकूंना सांगा : भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहायचं, तळहात भिंतीला. एक पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली, गुडघा ताठ. मग पुढे झुकायचं, पोटरी ताणलेली जाणवेपर्यंत, दुखेपर्यंत नाही. दहा सेकंद धरून सोडायचं, दोन्ही पायांनी तीन-तीनदा. तोल जात असेल तर शेजारी खुर्ची हवी. गोळा आलाच तर पायाची बोटं स्वतःकडे ओढायची, पाय झटकायचा नाही.

रानजाई

@पळपुटा, वाचून दाखवलं. 'टाच टेकत नाही' म्हणतायत. टेकली नाही तर चालेल का?

पळपुटा

मागचा पाय थोडा पुढे घ्यायला सांगा, टेकेल. रोज बोटभर मागे सरकवायचा.